चोवीस हजार लिटर खारं पाणी

रविवार, वीस जुलै, सकाळी साडेअकरा. जे. पी. नगरमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये असोसिएशनची तातडीची सभा झाली. मंजूर झालेली रक्कम दोन हजार आठशे ऐंशी रुपये. बारा घरांपैकी नऊ घरांची माणसं हजर होती. त्यांत असोसिएशनचे सचिव, ज्यांना लहानथोर सगळे अण्णा म्हणतात; तळमजल्यावर जेवणाचे डबे करणाऱ्या अक्का; आणि मी. माझा नवरा रविवार असूनही बेळ्ळंदूरच्या ऑफिसात होता. मुलगी वर घरात होती. जिथे अण्णा असतील तिथे ती सहा आठवड्यांपासून जात नव्हती.

सभेचं कारण पाणी. त्या आठवड्यात पाइपलाइनच्या कामामुळे कावेरीचं पाणी चार दिवस बंद होतं. जमिनीखालची टाकी तळाला गेली, म्हणून शुक्रवारी अण्णांनी दोन टँकर मागवले. टँकरवाल्याने कुठल्याशा बोअरवेलचं पाणी आणून ओतलं. चोवीस हजार लिटर. शनिवारी सकाळी माझी तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाण्यासारखी राहिली. साबणाला फेस नाही, चहाला चव नाही. घरात टीडीएस मीटर आहे. पेनासारखं असतं, पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा दाखवतं. बेंगळुरूत ते बहुतेक घरांत थर्मामीटरच्या शेजारी सापडतं. कावेरीच्या पाण्याला आमच्याकडे साधारण दोनशे येतात. त्या दिवशी अठराशे आले.

ठरलं ते असं. टाकी उपसायची नाही, कारण या शहरात चोवीस हजार लिटर पाणी गटारात सोडायला कोणीच हात वर करत नाही. कावेरीचं पाणी पुन्हा सुरू झालंच होतं, ते येत राहू द्यायचं. तीन दिवस प्रत्येक घराला स्वयंपाकासाठी वीस लिटरचा एक कॅन. ऐंशी रुपये दराने बारा घरं, तीन दिवस, म्हणून दोन हजार आठशे ऐंशी. आणि शेवटचं एक वाक्य माझ्या आग्रहावरून इतिवृत्तात गेलं: टाकीतल्या पाण्याचा आकडा पाचशेच्या खाली येईपर्यंत, तीन दिवसांनंतर जितके दिवस हे बारा कॅन लागतील त्यांचा खर्च सचिव स्वतःच्या खिशातून करतील.

ते वाक्य मी का घालायला लावलं हे सांगायचं तर जूनमध्ये जावं लागेल.

अण्णा निवृत्त इंजिनियर. जन्म चामराजपेटचा, तीन पिढ्या इथल्या, मराठीत अर्धी कन्नड: ‘बरं’ला सरी, लहान मुलीला पुट्टी. बायको गेली, मुलगा परदेशात. शनिवारी-रविवारी इमारतीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतात. फुकट शिकवतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. मीही बोलत नव्हते. माझी मुलगी दहावी झाल्यावर मेपासून त्यांच्याकडे जात होती. तिला हवामानाचा अभ्यास करायचा आहे, आठवीपासून. पाऊस कधी पडेल यापेक्षा हवामान खात्याला ते आधी कसं कळतं, हे तिला हवं असतं.

जूनच्या पहिल्या शनिवारी ती कॅल्क्युलेटर विसरून गेली. तो द्यायला मी वर गेले. दार उघडं होतं. पाच मुलं जमिनीवर, अण्णा आरामखुर्चीत. लॉगॅरिदम चाललं होतं. माझी मुलगी विचारत होती, “अण्णा, पण e च का? दहाचा लॉग सोपा आहे की. मग याला नॅचरल का म्हणायचं?”

“दोन पॉइंट सात एक आठ. लिहिलंस?”

“हो.”

“लॉगचा नॅचरल लॉग करायला दोन पॉइंट तीन शून्य तीनने गुणायचं. लिहिलंस? सरी. आता पाठ कर.”

“पण तो आकडा आला कुठून?”

“तुला काय करायचंय? लग्नाला बोलवायचंय का त्याला?” मुलं हसली. अण्णा खुशीत आले. “हे बघ पुट्टी, काही डोकी सोडवणारी असतात, काही नुसती विचारणारी. तू आईवर गेलीयस. आईचं गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, खाली दोन रेघा. त्यात वाईट काही नाही. कॉमर्सला जा, सुखी राहशील.”

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. “या वहिनी. तुमचंच चाललंय.”

मी कॅल्क्युलेटर दिला आणि खाली आले. घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घातली आणि ते बोलले ते शब्दाला शब्द लिहून ठेवलं. मला रागात बोलता येत नाही. लिहून ठेवता येतं.

मुलगी पुन्हा त्यांच्याकडे गेली नाही. दोन आठवड्यांनी तिने कॉलेजमधून विषय बदलण्याचा अर्ज आणला आणि फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला. मुदत एकतीस जुलै. मी स्वतः बी. कॉम. आहे, सत्तावीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या भांडाराचे हिशेब लिहितेय, घराचा निम्मा हप्ता त्यातून गेला. कॉमर्सला कमी लेखण्याचा मला हक्क नाही आणि तशी इच्छाही नाही. पण आवडलं म्हणून जाणं वेगळं आणि पाच मुलांदेखत दार दाखवलं म्हणून जाणं वेगळं. मी तिला एवढंच म्हटलं, “हवामानाचं काय?”

“ते बघायला ॲप आहे,” ती म्हणाली.

त्या उत्तराचाही हिशेब मी अण्णांच्याच नावावर धरला.

रोज ऑफिसच्या बसमध्ये तिचं पुस्तक घेऊन बसू लागले. उद्देश तिला शिकवणं हा होता असं मी नवऱ्याला सांगितलं. खरा उद्देश वेगळा होता. एखाद्या शनिवारी त्यांच्या दारात उभं राहून त्या पाच मुलांसमोर e कुठून आला ते सांगायचं आणि खाली निघून यायचं, एवढं मला हवं होतं. मी मनात तो जिना शंभरदा चढले असेन. पण पुस्तकातलं काही मला कळेना. पुस्तकात e आधी येतो, त्याची गरज नंतर येते, आणि मधे जे असायला हवं ते कुणी लिहीत नाही. सहा आठवडे झाले, एकतीस जुलै जवळ आली आणि माझ्याकडे अपमान सोडून काही नव्हतं.

आणि मग ते पाणी आलं.

शनिवारी दहा वाजता मी खाली गेले तेव्हा अण्णा टाकीचं झाकण उघडून काठी बुडवत होते. म्हणाले, “घाबरू नका वहिनी. टाकी चोवीस हजारची, वापर रोजचा आठ हजार. जेवढं वर जाणार तेवढं कावेरीचं आत येणार. तीन दिवसांत जुनं संपलं, नवं आलं. स्वल्प कळ काढा. आठवीचं गणित आहे.”

मी मान हलवणार होते. पण ऑफिसातला माझा हिशेब आठवला. भांडारात आम्ही खोक्यातल्या मालाला ‘आधी आला, आधी गेला’ असा हिशेब लावतो. जुनी खोकी पुढे, नवी मागे. पण यंत्रांच्या तेलाची टाकी असते, तिला तो हिशेब चालत नाही. जुनं तेल आणि नवं तेल एकमेकांत मिसळतं. तिथे सरासरी दर धरतात. एकदा भाव चढलेला असताना घेतलेलं तेल त्या सरासरीत महिनोन्महिने राहतं. पुढे कितीही स्वस्त घेतलं तरी तो जुना महाग दर कमी कमी होत जातो, पण जात नाही. हे मी सत्तावीस वर्षं दर महिन्याला पाहिलंय. अण्णा पाण्याची खोकी मोजत होते.

मी तशीच वर आले.

शुक्रवारच्या आधीचं कावेरीचं पाणी घरात दोन बादल्या शिल्लक होतं. पातेल्यात नळाच्या खाऱ्या पाण्याच्या दहा वाट्या घेतल्या. एक वाटी काढली, बादलीतली एक वाटी चांगलं पाणी घातलं, ढवळलं. पुन्हा एक काढली, एक घातली. अण्णांच्या हिशेबाने दहा वाट्यांनंतर सगळं पाणी नवं व्हायला हवं होतं. चौथ्या वाटीला मुलगी स्वयंपाकघरात आली.

“तू पाणी का ओततेयस? दोनच बादल्या आहेत.”

“मोज,” मी म्हटलं आणि मीटर तिच्या हातात दिलं.

“कशासाठी?”

“अण्णा म्हणाले तीन दिवसांत टाकी बदलेल.”

अण्णांचं नाव ऐकून ती वळली होती. पण मीटर हातात होतं आणि पातेलं समोर. दहाव्या वाटीनंतर तिने बुडवलं. सातशे सत्तर.

“दोनशे यायला हवे होते ना?” मी विचारलं.

“कसे येतील? दुसऱ्या वाटीपासून तू खारट पाण्याबरोबर आधी घातलेलं चांगलंही बाहेर काढतेयस.” मग तिने पेन शोधलं. “दर वेळी नऊ दशांश उरतं. नऊ दशांश दहा वेळा गुणायचं.” कॅल्क्युलेटरवर शून्य पॉइंट तीन चार नऊ आलं. मूळच्या खारटपणाचा तिसरा हिस्सा अजून पातेल्यातच.

“आणि टाकीत वाटीवाटीने येत नाही,” मी म्हटलं. “सतत येतं.”

ती जमिनीवर बसली. दोन मोठ्या भांड्यांत बदललं तर एक द्वितीयांशचा वर्ग, पॉइंट दोन पाच. चार भांड्यांत, तीन चतुर्थांशचा चौथा घात, पॉइंट तीन एक सहा. दहा वाट्यांत पॉइंट तीन चार नऊ. शंभर चमच्यांत पॉइंट तीन सहा सहा. हजार थेंबांत पॉइंट तीन सहा सात सात. पुढे वाढेना. दहा हजार केले तरी पॉइंट तीन सहा आठच्या अलीकडेच. ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि मग सहज, काही कारण नसताना, एक भागिले तो आकडा केलं.

दोन पॉइंट सात एक आठ.

तिने पुन्हा एकदा भागून पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे हा टाकीतूनच येतो.”

“पाठ नव्हता करायचा,” मी म्हटलं.

त्यानंतर तिला थांबवणं कठीण होतं. पाचशेवर यायला किती वेळ? अठराशेतले दोनशे कावेरीचेच, म्हणजे जादा खारटपणा सोळाशे; तो तीनशेवर यायला हवा; म्हणजे पाच पॉइंट तीन पटीने कमी. किती टाक्या पाणी यावं लागेल? तिने नॅचरल लॉगचं बटण दाबलं. एक पॉइंट सहा सात. “आई, हे उत्तर थेट टाक्यांमध्ये आलं. पावणेदोनला थोडं कमी टाक्या. एका टाकीला तीन दिवस, म्हणून पाच दिवस.” मग तिने दहाचा लॉग केला. पॉइंट सात दोन सात. “हे कशातच नाही. याला दोन पॉइंट तीन शून्य तीनने गुणलं की मग टाक्या येतात.” तिचा चेहरा मी मेनंतर प्रथमच असा बघत होते. “टाकीला दहा माहीतच नाही. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहा लावतो. तिला तिचं स्वतःचंच माप माहीत आहे. म्हणून नॅचरल.”

मला आनंद झाला. पण त्याच्या बरोबरीने, कदाचित त्याहून थोडं जास्त, मला दुसरं काही झालं. तीन नव्हे, पाच दिवस. अण्णा चुकणार होते, आकड्यात, सगळ्यांसमोर, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

भाजी चिरताना आणखी एक गोष्ट दिसली. मुलीच्या यादीत जितक्या कमी हप्त्यांत पाणी बदललं तितकं कमी खारं उरत होतं. म्हणजे आज संध्याकाळी कावेरीचा व्हॉल्व्ह बंद करून टाकला, अडीच दिवस सगळ्यांनी आंघोळीला, भांड्यांना, संडासाला हेच खारं पाणी वापरलं, आणि टाकी चार हजारांवर आली की एकदम भरली, तर सहावा हिस्साच उरेल. आकडा पावणेपाचशेच्या आसपास. एक थेंब वाया न घालवता, तीन दिवसांत. अण्णांचे तीन दिवस खरे ठरले असते.

मी ते कुणाला सांगितलं नाही. विसरले नव्हते, भीडही पडली नव्हती. मला ते चुकायला हवे होते, म्हणून सांगितलं नाही.

सभेत अण्णांनी तीन दिवसांचा हिशेब पुन्हा सांगितला. मी हात वर केला. “आणि तीन दिवसांत नाही झालं तर?”

“होणार, वहिनी.”

“झालं नाही तर पुढच्या कॅनचे पैसे कुणाचे?”

“माझे,” ते हसत म्हणाले. “लिहून घ्या. वहिनींना खाली दोन रेघा लागतात.”

लोक हसले. अक्का हसल्या नाहीत. कन्नडमध्ये त्या म्हणाल्या, मला रोज चार कॅन लागतात, एकाने माझं काय होणार. अण्णा म्हणाले, तीनच दिवस तर आहेत. मी इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, वाक्य पूर्ण होईपर्यंत हलले नाही. अक्कांकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी सहाला झाकण उघडून टाकीचा आकडा घेतला, अठराशे; शनिवारचे अठराशे नळाचे होते, गच्चीवरच्या टाकीत उरलेलं जुनं पाणी मिसळलेले, खाली तेव्हा जास्तच असणार. लिफ्टजवळच्या फळ्यावर एक कागद लावला. रोज संध्याकाळी सहाचा रकाना. एका बाजूला ‘अंदाज’, दुसऱ्या बाजूला ‘प्रत्यक्ष’. अंदाजाचा रकाना आधीच भरलेला: सोमवार तेराशे सेहेचाळीस, मंगळवार एक हजार एकवीस, बुधवार सातशे एकोणनव्वद, गुरुवार सहाशे बावीस, शुक्रवार पाचशे दोन. पाचशे दोनऐवजी पाचशे लिहू का, असं मी विचारलं होतं. “नाही,” मुलगी म्हणाली. “पाचशे दोन आहे तर पाचशे दोन.” ती माझीच मुलगी आहे. सही मात्र मी केली, तिची नाही घेतली. कारण मी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

सोमवारी प्रत्यक्ष तेराशे साठ आले. मंगळवारी सकाळी भाजी घ्यायला निघालेले अण्णा कागदासमोर थांबले होते. मी मुद्दाम जिन्यावरून उतरले.

“हे काय आहे?”

“टाकी.”

“बुधवारी सातशे एकोणनव्वद? हे कुठून आणलंत?”

“बेरीज, वजाबाकी,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सोमवारचे दोन्ही आकडे पुन्हा वाचले. इंजिनियर माणूस होता. शेजारी शेजारी लिहिलेले तेराशे सेहेचाळीस आणि तेराशे साठ काय सांगतात ते त्यांना कळत होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ऑफिसच्या बसमध्ये मी तासभर त्या पाळ्या आठवत बसले. मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मंगळवारी संध्याकाळचा आकडा घ्यायला मुलगी गेली. एक हजार दहा. अंदाजापेक्षा अकरा कमी. वर यायला तिला अर्धा तास लागला. आल्यावर तिने फ्रिजवरचा अर्ज काढला, पालथा केला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी मांडलं आणि माझ्यासमोर ठेवला.

“आई, व्हॉल्व्ह बंद केला असता तर?”

मी पोळी उलटली.

“आधी वापरून संपवायचं, मग एकदम भरायचं. रविवारीच केलं असतं तर उद्या संपलं असतं.” मी दुसरी पोळी लाटायला घेतली. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“शनिवारी दुपारपासून.”

“आणि सभेत बोलली नाहीस.”

“सभेत त्यांना बोलायचं होतं. बोलू दिलं.”

“अक्कांनी आज तीन कॅन स्वतःच्या पैशाने घेतले. काल पण तीन. चार जणांनी डबा बंद केला, सांबार नीट शिजत नाही म्हणून. मी आत्ता त्यांच्याकडेच होते.”

“टँकर मी मागवला नव्हता.”

“मी टँकरचं नाही विचारत.”

मी तिला म्हटलं, त्या माणसाने तुला पाच मुलांसमोर काय म्हटलं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. तारखेसकट. आणखी तीन दिवस थांब. शुक्रवारी पाचशे दोन येऊ दे, मग त्यांना कळेल.

“त्यांना कळेल,” ती म्हणाली. “पण मला कळलंय ना आधीच.” आणि तो कागद घेऊन ती जिना चढून वर गेली. व्हॉल्व्हच्या पेटीची किल्ली अण्णांकडे असते.

मी गॅस बंद केला आणि तिच्या मागे गेले. त्यांच्या मजल्याच्या आधीच्या वळणावर थांबले. दार नेहमीसारखं उघडं होतं.

“अण्णा, किल्ली हवी होती. व्हॉल्व्ह बंद करायचाय.”

“तुझ्या आईने पाठवलं?”

“नाही. आईला नकोय.”

मग तिने मांडायला सुरुवात केली. टाकी, रोजचं पाणी, मिसळणं, उरलेल्याचा हिस्सा. अण्णा मधे एकदा म्हणाले, “यात e कुठून आणलास?” ती म्हणाली, “पाठ करून नाही आणला.” तिने पुढे सांगितलं. आता बंद केला तर परवा संध्याकाळपर्यंत सोळा हजार वापरले जातील, तिसरा हिस्सा उरेल, रात्रीतून भरली की आठशे दहाचे दोनशे सत्तर, अधिक कावेरीचे दोनशे. चारशे सत्तर. शुक्रवारी सकाळी कॅन लागणार नाही. नाहीतर शनिवारपर्यंत लागतील.

मग खुर्ची करकरली.

“सरी,” अण्णा म्हणाले. “ही आठवीची गोष्ट नव्हे.”

“नाही.”

“मी चाळीस वर्षं पाइप टाकले, पुट्टी. कुणी मला विचारलं नाही की आतलं पाणी मिसळतं का.” आणि थोड्या वेळाने, “तू विचारतेस म्हणून मी तुला बोललो होतो.”

“हो. आठवतंय मला.”

याहून जास्त क्षमा ना त्यांनी मागितली, ना तिने दिली. किल्लीचा आवाज आला. मी ज्यासाठी तो जिना मनात शंभरदा चढले होते ते सगळं त्या खोलीत घडलं, आणि मी अर्ध्या जिन्यात, हाताला पीठ लागलेलं. मला राग आला. अण्णांचा होताच, आता तिचाही. माझा शुक्रवार तिने काढून घेतला. फळ्यावरचा माझा कागद मंगळवारपाशीच थांबला. खालचे अंदाज आता लागू नव्हते. तिने स्वतः त्यांवर रेघ मारली, शेजारी ‘व्हॉल्व्ह बंद, मंगळवार सायंकाळी’ असं लिहिलं, आणि खाली एकच नवा अंदाज: शुक्रवार सकाळ, चारशे सत्तर.

शुक्रवारी सकाळी सातला झाकणाभोवती आम्ही तिघं होतो. वॉचमनने बादली वर काढली. मीटर अण्णांनी बुडवलं. चारशे साठ. त्यांनी तो आकडा कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिला. मग मुलीला म्हणाले, उद्या वर ये, त्या पाचजणांना तूच सांग हे. ती म्हणाली, बघते. शनिवारी ती गेली. मी जा म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. एकतीस जुलैला अर्ज द्यायचा प्रश्नच उरला नव्हता. त्याच्या पाठीवर सोळा हजार लिटरचा हिशेब होता आणि तिने नवा आणला नाही.

अण्णा मला भेटले की अजून वहिनी म्हणतात. मीही अण्णा म्हणते. वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही. त्या माणसाने माझ्या मुलीला दिलेले सहा आठवडे कुठल्याही आकड्याने भरून येत नाहीत, आणि आले असते तरी मी ते मांडून घेतले नसते.

राहिले पैसे. सोमवार ते बुधवारचे दोन हजार आठशे ऐंशी असोसिएशनने कॅनवाल्याला दिले. गुरुवारचे बारा कॅन इतिवृत्तातल्या त्या वाक्याप्रमाणे अण्णांवर आले: नऊशे साठ रुपये. शुक्रवारी दुपारी त्यांनी कॅनवाल्याला रोख दिले आणि पावती आणून माझ्या हातात ठेवली. मी सभेत बोलले असते तर तो गुरुवार उजाडलाच नसता, म्हणून न्यायाने ते नऊशे साठ माझ्याकडून त्यांना जायला हवे होते. ते मी दिले नाहीत. अक्कांचा हिशेब वेगळा केला. सोमवार ते बुधवार त्यांना तसंही सोसावं लागलं असतं. माझ्या गप्प बसण्याचा दिवस एकच, गुरुवार, आणि त्या दिवसाचे जादा कॅन तीन. शुक्रवारी संध्याकाळी तळमजल्यावर जाऊन, कशाबद्दल ते त्यांना नीट सांगून, दोनशे चाळीस रुपये मी अक्कांच्या हातात दिले.